कोळंबीच्या पाकिटावरचा ४५१: फॉस्फेटला घाबरायचं का?

पळस्पे फाट्यावर पाच मिनिटं उभे राहिलात तर बराचसा महाराष्ट्र तुमच्यासमोरून जातो. एकीकडे जुना मुंबई-पुणे रस्ता, एकीकडे कोकणातून येणारा गोवा हायवे आणि इथूनच जेएनपीटीकडे जाणारा कंटेनरचा रस्ता. त्या कंटेनरांमध्ये काही पांढरे असतात, त्यांच्या एका टोकाला मशीन सतत घरघरत असतं. ते रीफर, म्हणजे चाकांवरचे फ्रीज. तळोजा एमआयडीसीत मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत, आणि देशाबाहेर सीफूड पाठवणाऱ्या मोठ्या बंदरांमध्ये आपलं जेएनपीटी येतं. त्यामुळे या फाट्यावरून जाणाऱ्या रीफरमध्ये गोठवलेली कोळंबी असणं ही रोजची गोष्ट आहे.

अशा गोठवलेल्या कोळंबीच्या पाकिटावर घटकांच्या यादीत बरेचदा एक नाव दिसतं: सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट. किंवा नुसता आकडा, आयएनएस ४५१. युरोपच्या मालावर तोच ई ४५१. आता हेच रसायन कपडे धुण्याच्या पावडरीतही वापरलं गेलंय. एवढी माहिती कुणाच्या हाती लागली की व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज तयार: "साबणातलं केमिकल तुमच्या ताटात!"

गंमत म्हणजे यातलं विधान खरं आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. आणि खरी काळजी करण्यासारखी जी गोष्ट आहे ती त्या मेसेजमध्ये नसतेच. ती कोणती, हे आज समजून घेऊ.

फॉस्फेट म्हणजे काय?

शेतकऱ्याला विचारा. खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश असं लिहिलेलं असतं. त्यातलं स्फुरद म्हणजे फॉस्फरस. निसर्गात तो एकटा राहत नाही. एका फॉस्फरसभोवती चार ऑक्सिजन जोडले की फॉस्फेट होतं, आणि आपल्याला सगळीकडे भेटतं ते हेच.

सगळीकडे म्हणजे अगदी सगळीकडे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो. त्यातला ८५ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेला पेशींच्या पडद्यांमध्ये, डीएनएमध्ये आणि एटीपीमध्ये. एटीपी म्हणजे पेशीचं सुट्टं चलन, कुठलंही काम करायचं तर तेच खर्च होतं. एटीपीच्या नावातला 'टीपी' म्हणजे ट्रायफॉस्फेट, एकामागे एक जोडलेले तीन फॉस्फेट. कोळंबीच्या पाकिटावरच्या ट्रायपॉलीफॉस्फेटमध्येही तीनच जोडलेले असतात. हे साम्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

अन्नात घालायची फॉस्फेटं म्हणजे याच साखळीचे लहानमोठे तुकडे, रेल्वेच्या डब्यांसारखे. एक डबा: फॉस्फोरिक आम्ल (३३८) आणि सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमची साधी फॉस्फेटं (३३९, ३४०, ३४१). दोन डबे: डायफॉस्फेट (४५०). तीन: ट्रायफॉस्फेट (४५१). लांब गाडी: पॉलीफॉस्फेट (४५२). पोटात गेल्यावर यातल्या लांब साखळ्या एन्झाइममुळे तुटतात आणि शेवटी शरीरात शिरताना बहुतेक सगळे सुटे डबेच असतात.

घालतात तरी कशाला?

प्रत्येक पदार्थात काम वेगळं आहे.

कोलामध्ये ३३८ आंबटपणासाठी. लिंबातल्या सायट्रिक आम्लाची फळासारखी चव कोलाला नको असते, फॉस्फोरिक आम्लाचा आंबटपणा कोरा असतो.

बेकिंग पावडरमध्ये ४५० किंवा ३४१ असतं. खाण्याच्या सोड्याला फुगायला आम्ल लागतं. आपण घरी दही किंवा लिंबू घालतो, तिथे फसफस लगेच होऊन जाते. ही फॉस्फेटं आम्लाचं काम सावकाश करतात, काही तर ओव्हनची उष्णता मिळाल्यावरच जोरात. म्हणून केक भट्टीत फुगतो, भांड्यात नाही.

चीज स्लाइसमध्ये ३३९ किंवा ४५२ असू शकतं. साधं चीज तापवलं की तूप वेगळं आणि चोथा वेगळा होतो. चीजमधलं प्रथिन कॅल्शियमने एकमेकांना घट्ट बांधलेलं असतं. फॉस्फेट ते कॅल्शियम काढून घेतं, प्रथिन सुटं होतं आणि स्निग्धांशाला धरून ठेवतं. सँडविचमधली स्लाइस एकसारखी वितळते ती यामुळे.

आणि आता कोळंबी. जिवंत स्नायूत दोन प्रथिनांचे धागे, अ‍ॅक्टिन आणि मायोसिन, एकमेकांवरून सरकत असतात. त्यांना सुटं करायला एटीपी लागतो. प्राणी मेला की एटीपी संपतो, धागे एकमेकांत अडकतात आणि स्नायू ताठ होतो. त्यात गोठवणं आणि पुन्हा वितळवणं झालं की स्नायू आवळतो, पाणी सोडतो, आणि शिजवल्यावर कोळंबी आक्रसून रबरासारखी लागते. फॉस्फेटच्या गार द्रावणात ती आधी बुडवून ठेवली तर हे फॉस्फेट एटीपीचं थोडंसं काम करतं. धागे सैल होतात, स्नायूचा पीएच जरा वाढतो, आणि प्रथिनं पाणी धरून ठेवतात. कोळंबी रसरशीत राहते. चिकन नगेट, सॉसेज, हॅम यांतही हीच युक्ती.

म्हणजे हेतू वाईट नाही. पण इथेच पहिली गडबड सुरू होते.

पहिला प्रश्न: तुम्ही कोळंबी विकत घेताय की पाणी?

गोठवताना जेवढं पाणी गेलं असतं तेवढंच टिकवणं वेगळं, आणि जास्त वेळ बुडवून वरचं पाणी भरणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात कोळंबीच्या भावाने पाणी विकलं जातं. वर गोठवताना बर्फाचा पातळ थर देतात, त्याला ग्लेझिंग म्हणतात. तो थर कोळंबी सुकू नये म्हणून गरजेचा असतो, पण त्याचं वजन निव्वळ वजनात धरायचं नसतं. म्हणून पाकिटावर 'नेट वेट' कसं लिहिलंय ते बघा.

फॉस्फेट जास्त झालेली कोळंबी ओळखता येते. हाताला बुळबुळीत लागते, काचेसारखी चमकते, शिजल्यावरही पुरेशी पांढरी न होता जरा पारदर्शक राहते आणि चव साबणासारखी येऊ शकते. कढईत टाकल्यावर भरपूर पाणी सुटलं तर शंका घ्यायला जागा आहे. पण हा प्रश्न तुमच्या खिशाचा आहे, विषाचा नाही. उरण-करंजाहून पनवेलच्या बाजारात येणाऱ्या ताज्या मासळीला याची गरजच नसते, तिला बर्फ पुरतो.

दुसरा प्रश्न: साबणातलं रसायन पोटात कसं चालतं?

धुण्याच्या पावडरीत ट्रायपॉलीफॉस्फेट घालतात कारण ते पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडतं. बोअरवेलच्या जड पाण्याला फेस येत नाही तो या दोघांमुळे. म्हणजे चीजमध्ये जे काम, तेच बादलीत. रेणू तोच आहे. मीठ चामडं कमवायलाही वापरतात आणि आमटीतही घालतात, त्यातलाच हा प्रकार.

ट्रायसोडियम फॉस्फेटबद्दलही असाच मेसेज फिरतो: "भिंतीचा रंग धुवायचं केमिकल सीरियलमध्ये." त्याचं १ टक्का द्रावण खरंच तीव्र अल्कली असतं, पीएच १२ च्या आसपास, त्वचेला झोंबणारं. पण खाद्यपदार्थात ते थोडंसं, आंबटपणा सावरण्यापुरतं पडतं आणि तिथल्या आम्लाशी मिसळून जातं. उरलंसुरलं जठरातल्या आम्लात संपतं. झोंबणारा गुण पदार्थात शिल्लक राहत नाही.

खरा फरक रेणूत नाही, पोत्यात आहे. फॉस्फेट खाणीतल्या दगडातून येतं. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडाला अशी खाण आहे, आणि बाकी बराचसा माल परदेशातून येतो. त्या दगडात फ्लोराइड असतं, शिवाय आर्सेनिक, शिसं, कॅडमियम यांचे अंश असू शकतात. फूड ग्रेड म्हणजे ते सगळं ठरलेल्या मर्यादेखाली आणलेलं. टेक्निकल ग्रेड कपडे धुवायला आणि बॉयलरच्या पाण्याला चालतं, त्यासाठी इतकं शुद्ध करत नाहीत. दोन्ही पांढरी पावडर, दिसायला अगदी सारखी. तुमच्या ओळखीत कुणी बेकरी चालवत असेल किंवा चिकन मॅरिनेट करून विकत असेल आणि सुट्टी पावडर आणत असेल, तर त्यांना एवढंच विचारा: गोणीवर 'फूड ग्रेड' लिहिलंय का, आणि एफएसएसएआयचा लायसन्स नंबर आहे का?

धुण्याच्या पावडरीचा मुद्दा निघालाच आहे तर आणखी एक. माझं स्वतःचं पीएचडीचं काम पाण्यातून फॉस्फेट ओढून घेणाऱ्या पदार्थांवर आहे, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७३ मध्ये कॅनडात डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने एका तळ्याच्या मध्ये पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र घातलं, दुसऱ्यात त्यासोबत फॉस्फरसही. फॉस्फरसवाला भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा तसाच स्वच्छ. उल्हास किंवा इंद्रायणीवर पसरलेली जलपर्णी तुम्ही पाहिली असेल, सांडपाण्यातून येणारं फॉस्फेट तिचं खत असतं. युरोपियन युनियनने ३० जून २०१३ पासून घरगुती धुण्याच्या पावडरीतलं फॉस्फेट जवळजवळ बंद केलं ते पाण्यासाठी, पोटासाठी नाही.

तिसरा प्रश्न: किती चालतं?

२०१९ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, म्हणजे एफ्साने, सगळ्या फॉस्फेटांचा एकत्र आढावा घेतला आणि मर्यादा ठरवली: रोज शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम फॉस्फरस. ६० किलोच्या माणसाला २,४०० मिलिग्रॅम. यात दूध, डाळ, पोळी, मासे यांतला नैसर्गिक फॉस्फरसही धरलेला आहे.

हा ४० कुठून आला ते मजेशीर आहे. उंदरांवरच्या दीर्घकाळ चाललेल्या प्रयोगात, चाऱ्यातला आणि वरून घातलेला मिळून, दर किलोमागे १६७ मिलिग्रॅम फॉस्फरसपर्यंत अपाय दिसला नाही. एरवी असा आकडा मिळाला की सुरक्षिततेसाठी त्याला १०० ने भागतात. इथे भागलं असतं तर ६० किलोच्या माणसाला दिवसाला जेमतेम १०० मिलिग्रॅम आले असते. पण प्रौढ माणसाची रोजची गरजच अमेरिकेच्या शिफारशीप्रमाणे ७०० मिलिग्रॅम आहे! म्हणजे सुरक्षित राहायचं म्हणून उपासमार. म्हणून एफ्साने फॉस्फेटपुरता वेगळा भाजक काढला, ४. त्यातून साधारण ४२ आले, ते ४० केले.

याचा अर्थ नीट बघा. इतर अनेक अ‍ॅडिटिव्हच्या बाबतीत मर्यादा आणि धोका यांच्यात मोठं मोकळं मैदान असतं. फॉस्फेटच्या बाबतीत गरज, मर्यादा आणि अपाय या तिन्ही रेषा बऱ्याच जवळजवळ आहेत. २० किलोच्या मुलाची मर्यादा ८०० मिलिग्रॅम होते. युरोपातली बरीच लहान मुलं सरासरी खाण्यातच ती ओलांडतात असं एफ्साला दिसलं. म्हणून मुलांचं दूध बंद करायचं का? अजिबात नाही. वाढत्या हाडांना ते हवंच. कमी काय करायचं असेल तर वरून घातलेलं.

आता ताटाचा हिशेब. २०० मिली दुधात साधारण १९० मिलिग्रॅम फॉस्फरस. ३३० मिली कोलामध्ये ५०-६०. आश्चर्य वाटलं ना? बदनाम कोला, आणि जास्त दुधात. पण दुधासोबत कॅल्शियम आणि प्रथिनं येतात, कोलासोबत साखर. आणि दुसरा फरक शोषणाचा. डाळी, धान्यं यांतला बराच फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो, आपल्याला त्यातला साधारण निम्मा किंवा त्याहून कमी मिळतो. दूध-मांसातला थोडा जास्त. वरून घातलेला मात्र ९० टक्क्यांच्या आसपास शोषला जातो, कारण तो आधीच सुटा आणि विरघळलेला असतो.

चौथा प्रश्न, आणि खरा: कुणासाठी?

१६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांडने सोनं शोधायच्या नादात लघवी आटवली आणि त्याला अंधारात चमकणारा फॉस्फरस मिळाला. तो तिथेच मिळाला याला कारण आहे. शरीर जास्तीचं फॉस्फेट लघवीतून बाहेर टाकतं. तुमची मूत्रपिंडं ठणठणीत असतील तर आज जास्त खाल्लेलं फॉस्फेट ती बाहेर काढून टाकतात. आठवड्यातून एकदा कोळंबी, महिन्यातून दोनदा केक, याने निरोगी माणसाने झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

पण मूत्रपिंड निकामी होत असेल तर? मग फॉस्फेट रक्तात साठतं. कॅल्शियमचं संतुलन सावरायला शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं, हाडं ठिसूळ होतात, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर कॅल्शियमचे थर बसतात. डायलिसिसच्या रुग्णांत हृदयविकाराचा धोका वाढण्यामागे हे एक मोठं कारण आहे. एफ्साने आपल्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की ४० ची मर्यादा मूत्रपिंडाचं काम मध्यम ते तीव्र कमी झालेल्यांना लागू नाही.

हिशेब करून बघू. डायलिसिसच्या एका बैठकीत ढोबळमानाने ८०० मिलिग्रॅम फॉस्फरस निघतो. आठवड्याला ३ बैठका म्हणजे २,४००. रुग्णाने रोज १,००० मिलिग्रॅम खाल्ला आणि त्यातला ६० टक्के शोषला गेला, तर आठवड्याला ४,२०० आत येतो. म्हणजे १,८०० शिल्लक. तो कमी करायलाच जेवणासोबत फॉस्फेट बांधणाऱ्या गोळ्या देतात. जिथे आठवड्याला दोनच बैठका होतात तिथे शिल्लक आणखी वाढते.

आता त्यात कोळंबी टाका. युरोपमध्ये गोठवलेल्या कोळंबीत किलोमागे ५ ग्रॅमपर्यंत फॉस्फेट घालायला परवानगी आहे. हा आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबात असतो, निव्वळ फॉस्फरस निघतो साधारण २.२ ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅम कोळंबीत मूळचा २०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि कमाल मर्यादेत वरून तेवढाच जवळजवळ पुन्हा. २०० ग्रॅम खाल्ली तर वरचेच ४३०-४४०, त्यातले ९० टक्के रक्तात. अर्धी डायलिसिस एका जेवणात गेली!

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २००९ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या २७९ डायलिसिस रुग्णांवरचा अभ्यास आला. एका गटाला फक्त एवढंच शिकवलं की खरेदी करताना आणि बाहेर खाताना फॉस्फेट अ‍ॅडिटिव्ह कसे ओळखायचे आणि टाळायचे. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. तीन महिन्यांनी शिकवलेल्या गटाच्या रक्तातला फॉस्फरस दुसऱ्यापेक्षा ०.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर जास्त घटला होता. नवं औषध नाही, खर्च नाही, फक्त लेबल वाचणं.

मग आपल्या लेबलवर काय असतं?

आपल्याकडे एफएसएसएआयच्या नियमांप्रमाणे अ‍ॅडिटिव्हचं नाव किंवा आयएनएस आकडा छापावा लागतो. पण किती घातलंय ते छापायची सक्ती नाही. पोषणाच्या तक्त्यात सोडियम सक्तीचं आहे, फॉस्फरस नाही. म्हणजे रक्तदाबाच्या रुग्णाला आकडा मिळतो, मूत्रपिंडाच्या रुग्णाला फक्त इशारा, तोही कोड नंबरमध्ये. आणि हॉटेलातल्या कोळंबी कोळीवाड्याला तर लेबलच नसतं.

म्हणून तुमच्या घरात कुणाचं क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर हे आकडे कागदावर लिहून पाकिटात ठेवा: ३३८ ते ३४३, ४५० ते ४५२, आणि ५४१. नावात कुठेही 'फॉस्फेट' किंवा 'फॉस्फोरिक' आलं तरी तेच. जास्त करून गोठवलेलं सीफूड, नगेट-सॉसेज, चीज स्लाइस, कोला आणि बेकरीचा माल बघा. ताजी मासळी घ्या. मांस-मासे उकळून ते पाणी टाकून दिलं तर फॉस्फरस काही प्रमाणात कमी होतो. दूध आणि डाळ किती घ्यायची ते मात्र डॉक्टर आणि आहारतज्ज्ञच ठरवतील, मनाने बंद करू नका, कारण डायलिसिसवर प्रथिनं कमी पडणंही तितकंच वाईट. आणि अशा रुग्णाची कोलोनोस्कोपी ठरली तर पोट साफ करायला कोणतं औषध देणार ते आधी विचारा. सोडियम फॉस्फेटच्या जुन्या द्रावणातून दोन डोसात १० ग्रॅमहून जास्त फॉस्फरस पोटात जायचा, आणि त्यातून मूत्रपिंडाला इजा झाल्याचं दिसल्यावर अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये अशा औषधांबद्दल कडक इशारा दिला.

बाकीच्यांनी काय करायचं? कोळंबी खा, मजेत खा. फक्त पाकीट उलटं करून वाचायची सवय लावून घ्या. आणि "साबणातलं केमिकल" वाला मेसेज पुन्हा आला, तर तो पुढे पाठवण्याऐवजी वरचे आकडे पाठवा. ग्रुपवर कुणा काका-मावशीची किडनीची फाइल चालू असेल, तर त्यांच्या ते खरंच कामाला येतील.